आमच्या सहावीतले बिल्ले

गेल्या दिवाळीत भावाकडे पुण्याला गेले होते. रात्रीचे पावणेबारा झाले असतील, सगळे आडवे झालेले, आणि भाची एकदम अंथरुणातून उठली, मोबाइल कुठंय मोबाइल कुठंय करत उशा उलट्यापालट्या करायला लागली. मी घाबरले, म्हटलं काय झालं. तर म्हणे, आत्या, माझी स्ट्रीक जाईल! आठवीत आहे ती, एका ॲपवर जपानी शिकते. रोज एक तरी धडा करायचा, केला की आकडा एकने वाढतो, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. तिचा आकडा होता २४३. बारा वाजायच्या आत तिने फटाफट एक धडा उरकला, तोही अगदी पहिला, इची नी सान, म्हणजे एक दोन तीन वाला, जो तिने आधी कितीतरी वेळा केलेला, कारण तो दोन मिनिटांत होतो. स्क्रीनवर चांदण्या उडाल्या, टुण्ण वाजलं, झालं, झोपली.

सकाळी चहाच्या वेळी मी सहज म्हटलं, जपानीत एक वाक्य बोलून दाखव की मला. ती गप्प झाली. मग म्हणाली, वाक्य नाही गं येत अजून, पण २४४ दिवस झालेत आत्या, आता सोडलं तर सगळं वाया जाईल ना.

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण तोच चेहरा मी माझ्या वर्गात पाहिलाय, आणि तो तिथे माझ्यामुळे आला होता. म्हणून हे लिहायला बसले. हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक शिक्षकांच्या ग्रुपवर गेमिफिकेशन, डिजिटल बॅज, पॉइंट, लेव्हल हे शब्द फिरतायत, मुलं अभ्यासाला लावायची म्हणजे अभ्यासाचा गेम करा म्हणतात. मी ते चार वर्षं करून पाहिलंय. काही फार चांगलं झालं, काही फार वाईट झालं, आणि दोन्हीत फरक कशाने पडला ते मला आता थोडंफार कळलंय.

मी कराडजवळच्या एका गावात गणित शिकवते, पाचवी ते सातवी. २०२२च्या जूनमध्ये शाळा नेहमीसारख्या भरायला लागल्या तेव्हा सहावीत ४३ मुलं आली, आणि त्यातल्या निम्म्यांना सातचा पाढा येत नव्हता. त्यांचा काय दोष, तिसरीचा शेवट, जवळपास सगळी चौथी आणि पाचवीचाही बराच भाग घरात गेला, ज्यांच्या घरात एकच फोन आणि तो वडिलांसोबत दिवसभर बाहेर, ती मुलं काय शिकणार. फळ्यावर अपूर्णांक लिहिला की वर्ग खाली मान घालून बसायचा. मला काहीतरी करून त्या माना वर आणायच्या होत्या.

तेव्हा एका मैत्रिणीने प्लिकर्स दाखवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी आणि चार बाजूंना अगदी बारीक ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल तर बी वर येईल असं कार्ड धरायचं, मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवते की कोणी काय उत्तर दिलं ते सगळं फोनवर येतं. मुलांकडे फोन लागत नाही, अख्ख्या वर्गाला एक फोन पुरतो, म्हणून आमच्यासारख्या शाळांत हे चालतं. पहिल्या दिवशी ४३ कार्डं एकदम वर गेली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगते, ज्या मुलांनी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं त्यांचेही हात वर होते.

इथवर ठीक होतं. मग मी उत्साहात एक मोठा तक्ता केला. डावीकडे सगळ्यांची नावं, समोर आठवड्याचे पॉइंट, पाच पॉइंटला एक स्टार, पाच स्टार झाले की बिल्ला, आणि दर शनिवारी पहिल्या पाचांची नावं लाल स्केचपेनने. पहिला महिना काय विचारता! मुलं प्रार्थनेच्या आधी वर्गात येऊन तक्त्यासमोर उभी असायची. हेडसरांनी दुसऱ्या शाळेतले शिक्षक आणून माझा वर्ग दाखवला.

ऑगस्टमध्ये मला पहिल्यांदा खटकलं. लाल नावं दर शनिवारी तीच पाच होती, क्रम फक्त इकडेतिकडे. आणि खालची चौदापंधरा मुलं कार्ड वर धरायची पण फळ्याकडे बघायचीच नाहीत, शेजाऱ्याच्या कार्डावरचं ते बारीक अक्षर मान तिरकी करून वाचायची आणि आपलं कार्ड तसं फिरवायची. फोनवर हिरवं दिसायचं. मी खूश, मूल कोरं. पहिल्या पाचांतल्या एकाला, त्याला आपण क्रिकेटवाला म्हणू कारण दप्तरात बॉल असतोच, त्याला मी एकदा विचारलं, हे उत्तर कसं आलं रे, तर म्हणाला, बाई पुढचा प्रश्न टाका ना, टाइम जातोय. हाच मुलगा पाचवीत दर तासाला चार प्रश्न विचारून हैराण करायचा असं त्याच्या आधीच्या बाई सांगतात.

आणि मग पालकसभेच्या आदल्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. फार कमी बोलणारी, तिसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसायची. म्हणाली, बाई, माझं नाव तक्त्यावरनं काढता का. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, उद्या आई येणारे. माझ्या नावापुढं काहीच न्हाई. तिला वाचता येतं.

मी तक्ता त्याच दिवशी काढला. गुंडाळून कपाटावर टाकला, अजून तिथेच आहे.

त्यानंतर मी वाचायला लागले, कारण मला कळेना की जे पहिल्या महिन्यात इतकं छान चालत होतं ते तिसऱ्या महिन्यात असं का झालं. आणि लक्षात आलं की हे माझ्याच वर्गात झालेलं नाही, पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी हे मोजून ठेवलंय. १९७३ सालचा तो प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असं मला वाटतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी केलेला. तीन ते पाच वर्षांची मुलं, आणि मुद्दाम तीच निवडलेली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडतं. त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस की तुला हे सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं गुड प्लेअर सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग एकदोन आठवड्यांनी ते स्केचपेन वर्गात नुसते ठेवून दिले, बक्षीस वगैरे काही नाही, आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षिसाचं सांगितलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. चित्र काढायला आवडणारी मुलं हो! आणि ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं त्यांचं काहीही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बक्षीस वाईट नाही, बक्षिसाचा करार वाईट. तू हे कर म्हणजे मी तुला ते देईन, असं म्हटलं की मुलाला वाटतं, अच्छा, म्हणजे हे काम एरवी करण्यासारखं नसणार.

नंतर डेसी, केस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये असे १२८ प्रयोग एकत्र करून पाहिले. जे काम मुळात रस घेण्यासारखं आहे तिथे आधी कबूल केलेलं हातात पडणारं बक्षीस ओढ कमी करतं, पण मनापासून केलेलं कौतुक, हे तुला छान जमलं असं सांगणं, ती ओढ वाढवतं. आणि जे काम मुळातच कंटाळवाणं आहे तिथे बक्षिसाने तसं नुकसान होत नाही, कारण जायला ओढ होतीच कुठे. हे शेवटचं फार कामाचं आहे, त्याकडे येते मी.

बॅज आणि लीडरबोर्ड, म्हणजे कोण पुढे कोण मागे ते सगळ्यांना दाखवणारा तक्ता, यावरच नेमकं बोट ठेवणारा अभ्यास २०१५चा, मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांचा. कॉलेजचा एकच विषय, दोन वर्ग मिळून ८० विद्यार्थी, १६ आठवडे, एका वर्गात बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्यात नाही. सत्र पुढे गेलं तसा बॅजवाल्या वर्गाचा उत्साह दुसऱ्या वर्गापेक्षा खाली गेला आणि शेवटच्या परीक्षेत मार्कही कमी पडले. मोठ्या वयाच्या, स्वतः विषय निवडलेल्या मुलांचं हे असं, मग माझ्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं काय झालं असेल.

अजून एक, प्रोग्रामर लोक जिथे प्रश्नोत्तरं करतात त्या स्टॅक ओव्हरफ्लोवरचा, २०१३चा. बॅज जवळ आला की माणसं जास्त जास्त काम करतात, आणि बॅज मिळाला की दुसऱ्या दिवसापासून काम खाली येतं. आमच्या क्रिकेटवाल्यासारखंच, बिल्ला मिळाल्यावर पुढचा आठवडा तो खिडकीतून बाहेर बघायचा.

आणि मुलांनाच कशाला नावं ठेवायची. शिक्षकांचे काही ऑनलाइन कोर्स होते, पूर्ण केले की सर्टिफिकेट आणि बॅज, तालुक्याची टक्केवारी रोज ग्रुपवर यायची. व्हिडिओ एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला भाजी निवडणं, प्रश्नमंजूषेची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरायची, मीही उघडलीयत ती. त्या कोर्सांतला काही भाग खरंच चांगला होता, पण बारा वाजायच्या आत टक्केवारी भरायची असेल तर माणूस चांगलं शोधत बसत नाही.

मग बिल्ले बंदच करायचे का? मीही तसंच ठरवत होते. पण मग मला माझा स्वतःचा बॅज आठवला.

सातवीत मी गाईडमध्ये होते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान असं चढत जायचं, आणि प्रथमोपचाराचा भाग आला तेव्हा परीक्षा घ्यायला बाहेरच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी माझ्या मैत्रिणीला समोर बसवलं, म्हणाल्या, हिचा हात मोडलाय, बांध झोळी. मी गळ्यातला स्कार्फ सोडला, बांधली झोळी, गाठ रीफ नॉट, एकदम पक्की. त्या बाईंनी बघितलं आणि मैत्रिणीच्या मनगटाखाली बोट ठेवून म्हणाल्या, पंजा कोपरापेक्षा खाली लोंबतोय, रक्त उतरून सूज येईल हिला, थोडा वर हवा. नापास नाही म्हणाल्या. म्हणाल्या, आठ दिवसांनी परत येते, तेव्हा दाखव. त्या आठ दिवसांत मी घरातल्या प्रत्येकाचा हात बांधला, आजीचा तर रोज. आठ दिवसांनी दाखवलं, आणि तो बॅज आईने शर्टाच्या बाहीवर शिवला. त्याचा अर्थ एकच होता, या मुलीला झोळी बांधता येते. माझा नंबर कितवा आला असं त्यात कुठेच नव्हतं, येत असेल त्या सगळ्यांना तो मिळत होता. पुढे वीस वर्षांनी शाळेच्या ग्राउंडवर एक मुलगा पडला तेव्हा माझ्या ओढणीची झोळी झाली आणि पंजा कोपराच्या वर होता.

तर हा बिल्ला आणि माझ्या तक्त्यावरचा बिल्ला, दोघांना एकच शब्द कसा काय लावतो आपण?

गंमत म्हणजे डिजिटल बॅज ज्यांनी सुरू केले त्यांच्या मनात ही झोळीवालीच गोष्ट होती. मोझिला, ते फायरफॉक्सवाले, त्यांनी २०११ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनसोबत ओपन बॅजेसचं काम जाहीर केलं, २०१३ मध्ये त्याचं पहिलं पक्कं रूप आलं, आणि २०१७ पासून ते आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेलं, तिचं नाव आता वनएडटेक आहे. दिसायला ते एक छोटंसं चित्र असतं, पण त्या चित्राच्या फाइलमध्येच माहिती भरलेली असते, कोणी दिला, कोणाला दिला, कधी, काय केल्यावर मिळतो त्याच्या अटी, आणि पुरावा, म्हणजे त्या माणसाने जे केलं त्याची लिंक. तुम्ही कोणाला बॅज पाठवला तर तो उघडून आतलं काम बघू शकतो. मला ही कल्पना वाचून फार आनंद झाला होता. पण पुराव्याची ती जागा भरणं सक्तीचं नाही, आणि माझ्याकडे आजवर जेवढे डिजिटल बॅज आलेत त्यातल्या एकातही ती भरलेली नाही. चित्र चकचकीत, आत रिकामं. आपण नेमकं जे महत्त्वाचं तेच टाकून दिलं आणि चांदण्या ठेवल्या.

कोणी म्हणेल पुरावा ठेवून मोठ्या प्रमाणावर कसं जमणार. जमतं की. एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स बघा, आयआयटीवाले घेतात ते. तिथे असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के, दोन्ही मिळून ६० च्या वर गेलं की सर्टिफिकेटवर एलिट, ७५ च्या वर त्यात सिल्व्हर, ९० च्या वर गोल्ड. नाव गेमसारखंच आहे, पण गोल्ड म्हटलं की त्यामागे काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वर्गातल्या ९० टक्क्यांवरच्या प्रत्येकाला ते मिळतं, पहिल्या पाचांनाच नाही.

मग मी २०२३च्या जूनपासून पुन्हा सुरू केलं, वेगळ्या पद्धतीने. तक्ता नाही, एक वही. वहीचं नाव मुलांनीच पाडलं, दाखव-वही. त्यात सहावीच्या गणितातल्या अठरा गोष्टी लिहिल्या, मोघम नाही, नेमक्या. अपूर्णांक येतात असं नाही, तर छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज करता येते, असं. ज्याला वाटेल मला हे येतं त्याने स्वतःहून यायचं, वाटेल तेव्हा यायचं. आधी फळ्यावर तीन गणितं करायची, बोलत बोलत. मग ज्याला ते येत नाही असा एक जण धरून त्याला शिकवायचं. मग त्या शिकलेल्याला मी एक गणित घालणार, त्याला आलं तर वहीत त्याने सही करायची आणि शिकवणाऱ्याला बिल्ला. नाही आलं तर नापास वगैरे काही नाही, परत ये.

बिल्ला म्हणजे कार्डशीटचा गोल तुकडा, वर चित्र मुलांनीच काढायचं, मागे लिहिलेलं, काय येतं, कोणत्या तारखेला दाखवलं, कोणाला शिकवलं. आणि एका कोपऱ्यात क्यूआर कोड. हा क्यूआरचा विचार अर्थातच परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींमुळे डोक्यात आला. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले आणि बक्षिसाचे अर्धे पैसे बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकणारे ते हेच, त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि नंतर आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. मी म्हटलं, पुस्तकातून व्हिडिओ बघता येतो तर बिल्ल्यातून का नको. पालकांची परवानगी घेतली, मुलाचा शिकवतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ फोनवर घेते, लिंक फक्त त्या घराकडे जाते. पालकसभेला आईवडील क्यूआर स्कॅन करतात आणि आपलं मूल दुसऱ्याला शिकवताना दिसतं. एक आजोबा चार वेळा बघत होते.

आता ती तिसऱ्या बाकावरची. ती तोवर सातवीत गेली होती, पण मीच सातवीला गणिताला, आणि वही मी तिथेही नेली, मागचं राहिलेलं ज्याला दाखवायचं त्याने दाखवा म्हणून. सप्टेंबरपर्यंत ती आली नाही. मग एक दिवस दशांशाचं चाललं होतं. ०.५ मोठे की ०.२५, विचारलं तर अर्धा वर्ग म्हणाला ०.२५, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे, ही चूक इतकी जुनी आहे की मला दरवर्षी तिची वाट बघायची सवय झालीय. मी स्थानिक किमतीचं घर फळ्यावर काढायला वळले, तर मागून हिचा आवाज आला, शेजारणीला म्हणत होती, अगं मग पाव किलो अर्ध्या किलोपेक्षा जास्त हुतंय का?

तिचे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात, रविवारी ती काट्यावर बसते. मी खडू तिच्या हातात दिला. तिने फळ्यावर काट्याचा आकडा जसा दिसतो तसं लिहिलं, ०.२५० म्हणजे पाव, ०.५०० म्हणजे अर्धा, ०.७५० पाऊण, आणि म्हणाली, काट्यावर शेवटी शून्य असतात, पुस्तकात पुसलेत, माल तेवढाच हाय. मी सोळा वर्षं दशांश शिकवतेय, माल तेवढाच हाय इतकं स्वच्छ मला एकदाही सांगता आलं नाही. त्या आठवड्यात तिने सहा जणांना दशांश शिकवला, वहीत सहा सह्या आहेत. बिल्ल्यावर तिने वजनकाटा काढला. पालकसभेला आईने बिल्ल्याची मागची बाजू वाचली, दोनदा, मग पदराला हात पुसून क्यूआरसाठी फोन पुढे केला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. हे काम हळू चालतं, फार हळू. ४३ मुलांची एकेक गोष्ट बघायला मला कधी कधी तीन आठवडे जातात आणि पोर्शन मागे पडतो, मग डिसेंबरात धावपळ. मैत्रीत सह्या व्हायला लागल्या होत्या, तू माझी कर मी तुझी करतो, म्हणून ते शिकलेल्याला मी स्वतः गणित घालायचं कलम नंतर घातलं. पालक विचारतातच, ते ठीक आहे बाई पण नंबर कितवा? त्यांना मी दोष देत नाही, आपल्या बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं कधीच बंद केलं तरी ती यादी आपल्या डोक्यातून गेलेली नाही, मीच नाही का सहावीच्या भिंतीवर परत लावली होती.

आणि पाढ्यांसाठी मी अजूनही साधे शिक्के देते, बिनदिक्कत देते. पाढे पाठ करणं कंटाळवाणंच आहे, तिथे मुलाची ओढ मारायची भीती नाही, तिथे ढकलायला काहीतरी लागतंच. त्यातही एक युक्ती वाचली ती वापरते. २००६ मध्ये नून्स आणि ड्रेझ यांनी गाड्या धुणाऱ्या दुकानात कार्डं वाटली होती, काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, काहींना दहा शिक्क्यांचं पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचंय. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं आणि दोन शिक्केवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. माझ्या पाढ्यांच्या कार्डावर दोनचा आणि पाचचा शिक्का मी आधीच मारून देते, ते कोणाला येत नाहीत असं होत नाहीच, पण मूल कार्ड हातात घेतं तेव्हा ते सुरू झालेलं असतं. शून्यापासून सुरुवात करायला लावू नका हो मुलांना, आणि भाचीच्या ॲपसारखं एका चुकलेल्या दिवसाला परत शून्यावर तर कधीच आणू नका. आजारी पडलेलं मूल चार दिवसांनी येतं तेव्हा त्याचे शिक्के जिथे होते तिथेच असले पाहिजेत.

क्रिकेटवाल्याचं सांगायचं राहिलं. नवीन पद्धतीत तो सुरुवातीला एकदम पडला. नंबर नाही म्हटल्यावर त्याला काय करावं कळेना, ऑक्टोबरपर्यंत दोन बिल्ले, तेही ओढूनताणून, शिकवताना समोरच्याला म्हणायचा, अरे सोप्पंय की! मला वाटलं तक्त्याने याचं जे केलं ते आता निघत नाही. २०२३ची ती वर्ल्ड कपची धामधूम, एक दिवस सकाळी दारातच थांबला, हातात वहीचं फाडलेलं पान. म्हणाला, बाई, ४.३ ओव्हरमध्ये ३६ रन झाले तर रनरेट किती? मी म्हटलं तूच सांग. म्हणाला, ३६ भागिले ४.३, येतात ८.३७, मी तीनदा केलं, पण टीव्हीवर आठ दाखवतात.

मी उत्तर दिलं नाही, फार मोह झाला तरी नाही दिलं. नुसतं विचारलं, ४.५ ओव्हरनंतर टीव्हीवर काय येतं? म्हणाला, ५. मी म्हटलं, ४.६ का येत नाही? तो उभाच राहिला. तासभर काही बोलला नाही, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला नाही, आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, बाई, ते दशांशच नाहीये! तीन बॉल म्हणजे सहातले तीन, म्हणजे अर्धी ओव्हर, म्हणजे ४.५ ने भागायचं, बरोब्बर आठ येतात. आवाज इतका मोठा की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या.

दाखव-वहीच्या अठरा गोष्टींत हे कुठेच बसत नाही, आणि त्यानेही बिल्ला मागितला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, १५.४ ओव्हर, ९४ रन, रनरेट काढा, कॅल्क्युलेटर नाही. खाली तिसऱ्या बाकावरचीने प्रयत्न करून खोडलेलं, त्याखाली अजून कोणीतरी. दिवसभर मी उरलेल्या फळ्यावर शिकवलं, आणि सुटताना फळा पुसायची पाळी ज्याची होती त्याला सांगितलं की कोपरा राहू दे.